त्या आजोबांना फोन करू का?

पत्र:

ताई, मी २४ वर्षांची, मूळची वाशीम जिल्ह्यातली. सध्या सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी सरकारी बँकेत क्लार्क आहे, खोली घेऊन एकटी राहते. नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची नुसती झुंबड असते. परवा एक आजोबा आले, ८४ वर्षांचे. मशीनवर अंगठाच उमटेना. मी ओला रुमाल दिला, एकेक बोट लावून बघितलं, तेवढ्या वेळात ते सहज बोलायला लागले. पोस्टात होते, तारेच्या कामावर, कट्ट कडकट्ट, ह्याच बोटांनी म्हणाले. मरणाची तार आली की शिपायाला सांगायचे, घरात बाई एकटी असली तर आधी शेजारच्यांना हाक मार आणि मग तार दे. मग माझ्याकडे बघून एकदम म्हणाले, "पोरी, दिवसभर एवढ्यांचं ऐकून घेतीस, घरी गेल्यावर तुझं कोण ऐकतं?" ताई मला बोलताच येईना, डोळे भरून आले. मागून लोक ओरडायला लागले, साहेब आतून म्हणाले पुढचा घ्या. शेवटी मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला झाला. उठताना म्हणाले, "मागल्या वर्षी आम्ही दोघं आलो होतो." मी "हो का" म्हटलं आणि पुढचा कागद हातात घेतला. तो "हो का" मला झोपू देत नाहीये. सिस्टीममध्ये त्यांचा पत्ता आणि नंबर काढून बघितलाय. फोन करू का? रविवारी घरी जाऊन येऊ का? बाजूच्या काउंटरचा दादा म्हणतो अशी रोज पन्नास म्हातारी येतात, किती जणांसाठी रडशील. मला एवढं का लागलं तेच कळत नाही.

उत्तर:

तू मला ताई म्हणालीस म्हणून मीपण सरळ अगं-तुगं करते. आधी तू जे विचारलंयस त्याचं उत्तर देते, कारण तुझा रविवार जवळ आलाय. फोन करू नकोस. घरीही जाऊ नकोस, निदान त्यांनी बोलावल्याशिवाय तर नाहीच. आणि तो नंबर कुठे लिहून घेतला असशील, मोबाईलमध्ये सेव्ह केला असशील तर आजच काढून टाक.

म्हणजे तुझ्या मनात आलं ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाहीये हां. चांगलंच आहे ते, आणि त्या दादाचं ऐकून ते दाबून टाकू नकोस. पण तो नंबर त्यांनी बँकेला दिलाय, तुला नाही. नोकरीला लागताना तू गुप्ततेच्या कागदावर सही केली असशील, बाकीच्या पन्नास कागदांबरोबर, कदाचित वाचलाही नसशील, पण त्याचा अर्थ हाच की ग्राहकाचं जे आपल्याला कामामुळे कळतं ते कामापुरतंच. कुणी कुठलं खातं कधी उघडून बघितलं याची नोंद सिस्टीममध्ये राहते हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, आणि उद्या कुणी विचारलं की काही काम नसताना ह्यांची माहिती का काढलीस तर मला वाईट वाटलं म्हणून हे उत्तर तिथे चालत नाही गं.

पण मला नोकरीपेक्षा जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. हल्ली म्हाताऱ्या माणसांना कसले कसले फोन येतात ते बघ. पोलीस असल्याचं सांगून फोनवरच अटकेची भीती घालणारे डिजिटल अरेस्टवाले तर आहेतच, पण नेमके हयातीच्या दाखल्याच्या नावानेही पेन्शनरांना फोन येतात, समोरच्याला पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, रिटायर झाल्याची तारीख सगळं आधीच माहिती असतं, गोड बोलतात, काका-आजोबा म्हणतात आणि मग म्हणतात एक ओटीपी आलाय तेवढा सांगा. घरोघरी मुलं-नातवंडं कानीकपाळी ओरडून सांगतायत की बँकेतून बोलतोय म्हटलं की फोन ठेवून द्यायचा. आता तू फोन केलास, "आजोबा मी बँकेतून बोलतेय, परवा भेटलो ना," दहा मिनिटं छान बोललात, त्यांनाही बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाचा फोन आला, बँकेतूनच बोलतेय म्हणाली, तुझ्याच वयाची मुलगी, तुझ्यासारखंच प्रेमाने बोलणारी. मग? तुझ्या फोनमुळे त्यांचा जो एक सावधपणा आहे तो सैल पडला तर त्याची किंमत ते मोजतील, तू नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते.

तू पत्रात त्यांचं जे बोलणं लिहिलंयस ते मी दोन-तीनदा वाचलं, आणि मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतःच देऊन ठेवलंय, तुझ्या फक्त लक्षात नाही आलं. तारेचं काम म्हणजे काय होतं ते तुझ्या वयाच्या मुलांना माहिती असायचं कारण नाही. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा बंदच झाली, शेवटच्या दिवशी लोक रांगा लावून आठवण म्हणून एकमेकांना तारा करत होते, तेव्हा तू शाळेत असशील. छोट्या गावात पोस्ट आणि तार एकाच ऑफिसात असायचं. तारेवरचा माणूस टेबलाशी बसून तो कट्ट कडकट्ट आवाज ऐकायचा आणि ऐकता ऐकता अक्षरं लिहून घ्यायचा. म्हणजे गावात कुणाच्या घरी मुलगा झाला, कुणाला नोकरीचं बोलावणं आलं, कुणाचा भाऊ मुंबईत वारला, हे त्या घराच्या आधी ह्या माणसाला कळायचं. सगळ्या गावाचं सुखदुःख कानातून हातात आणि हातातून कागदावर. आणि एक अक्षर बाहेर बोलायची सोय नाही! १८८५ च्या तार कायद्यात कर्मचाऱ्याने तारेतला मजकूर बाहेर फोडणं हा गुन्हा होता, पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे गावाचा विश्वास, तो एकदा गेला की गेला.

त्या माणसाला अशा बातम्या लिहून घेताना काही वाटत नसेल का गं? कितीतरी वेळा हात थांबला असेल. बरं त्याच्याकडे पत्ता पण होता, तारेवरच लिहिलेला असायचा. पण तो प्रत्येक तारेमागे धावत त्या घरी गेला नाही. जाऊ शकत नव्हता आणि जायचंही नव्हतं, कारण टेबलावर पुढची तार वाजत असायची आणि तीही कुणाच्यातरी घरची असायची. मग त्याने काय केलं? आपल्या कामाच्या आत राहून जेवढं करता येईल तेवढं केलं, की शिपायाला सांगितलं, बाई एकटी असली तर आधी शेजारच्यांना हाक मार. बस. एवढ्या एका सांगण्यामुळे कुठल्यातरी दारात कुठलीतरी बाई तार हातात घेताना एकटी नव्हती. तिला कधी कळलंही नसेल की हे पोस्टात बसलेल्या कुणी सांगितलं होतं.

तू त्याच टेबलावर बसलीयस, हे तुला दिसतंय का? तुलापण लोकांच्या घरातलं कळतं, कुणाच्या खात्यात मुलाचे पैसे यायचे बंद झाले, कुणी एफडी मुदतीआधी मोडली, कुणाचं नाव कमी करायला मृत्यूचा दाखला आला. त्या आजोबांनी त्यांच्या नोकरीतली इतकी वर्षं मागे टाकून नेमकी तीच एक गोष्ट तुला का सांगितली असेल? मला नाही वाटत ते नुसतं वेळ घालवायला बोलत होते. तुझा ओला रुमाल, एकेक बोट न चिडता लावून बघणं, हे त्यांनी बघितलं होतं. एका कामातल्या माणसाने दुसऱ्या कामातल्या माणसाला ओळखलं, असं मला तरी वाटतं.

आणि म्हणून मला तुझ्या पत्रातली एक गोष्ट थोडी खटकली, सांगू का, रागावू नकोस. तू त्यांना बिचारे करून टाकलंयस. एकटे असतील, बोलायला कुणी नसेल, मी जाऊन बघायला पाहिजे. पण काउंटरवर बिचारं कोण झालं होतं? विचारपूस त्यांनी तुझी केली, डोळे तुझे भरले. देऊन ते गेले आणि तू मात्र त्यांचं कर्ज अंगावर असल्यासारखी बसलीयस. बरं, "मागल्या वर्षी आम्ही दोघं आलो होतो" एवढंच ते म्हणाले. आजी गेल्या असं ते कुठे म्हणाले? गेल्याही असतील. पण गुडघ्यामुळे जिना उतरता येत नसेल, अंथरुणाला असतील, लेकीकडे पुण्याला असतील. तू एका वाक्यावरून अख्खं घर रिकामं करून टाकलंस आणि आता त्या घराच्या विचाराने तुला झोप नाही.

"हो का" बद्दल म्हणशील तर, हो, अजून एक वाक्य बोलता आलं असतं. पण मागे रांग ओरडत होती, त्या रांगेतपण म्हातारीच माणसं उभी होती, कुणाला साखर, कुणाला परत गावची एसटी पकडायची. आणि तू त्यांचं काम पूर्ण केलंस हे विसरू नकोस. बोट उमटत नाही म्हणून "उद्या या" म्हणून परत पाठवलेले कितीतरी लोक असतात. नोव्हेंबरात दाखला गेला नाही तर डिसेंबरपासून पेन्शन थांबते, नंतर थकबाकी मिळते हे खरं, पण तोपर्यंतचं औषध-किराणा कशावर? तू मोबाईल काढलास, त्यांना चष्मा काढून उजेडाकडे तोंड करायला लावलं असशील, डोळे मिटून उघडा म्हटलं असशील, आणि त्यांचं वर्षभराचं काम झालं.

मग आता करायचं काय? ते परत येतील. पेन्शनर माणूस महिन्याच्या सुरुवातीला पासबुक भरायला येतोच, मोबाईलवर मेसेज आला तरी त्याला छापलेली एंट्री बघायची असते. आले की फक्त एवढं विचार: "आजोबा, यंदा आजी नाही आल्या?" ह्या प्रश्नाला दोन्ही उत्तरं बसतात. आजी घरात पडून असतील आणि त्यांचीही स्वतःची पेन्शन असेल तर त्यांचा दाखला घरबसल्या होतो हे सांग. पोस्ट पेमेंट बँकेचा पोस्टमन मशीन किंवा मोबाईल घेऊन घरी येतो, थोडं शुल्क असतं, आणि सत्तरीच्या पुढच्यांना बँकेनेही घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगून ठेवलंय, तुमच्या शाखेत ती कशी देतात ते साहेबांना विचारून ठेव. आणि आजी गेल्या असतील तर मग तुझं खरं काम सुरू होतं. जॉइंट खातं असेल, त्यावर अजून त्यांचं नाव असेल. नॉमिनी बहुतेक वेळा बायकोच असते, म्हणजे आता नॉमिनीच नाही असं झालं. फॅमिली पेन्शनसाठी पीपीओवर त्यांचं नाव असणार, तेही कळवावं लागतं. म्हातारा माणूस हे करत नाही, कारण बायकोचं नाव स्वतःच्या हाताने कमी करायचं अर्ज लिहून, कोण करणार? वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि पुढे मुलांना चकरा पडतात. तो फॉर्म तू त्यांच्याबरोबर बसून भर. घाई करू नकोस, दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांना बोलव, खुर्ची दे, नाव लिहिताना ते थांबले तर थांबू दे. तुला जे फोनवर बोलायचं होतं ते सगळं त्या अर्ध्या तासात होईल, आणि त्यासाठी तुला कुठलीही रेषा ओलांडावी लागणार नाही.

ते स्वतःहून म्हणाले की रविवारी चहाला ये, तर जरूर जा. त्यांनी बोलावणं वेगळं आणि तू पत्ता शोधून जाणं वेगळं. पहिल्यांदा कुणा मैत्रिणीला घेऊन जा आणि साहेबांच्या कानावर घालून जा. फक्त एक पक्कं ठेव: त्यांचं एटीएम कार्ड, पिन, सही केलेला कोरा चेक, ह्यातलं काहीही कधीही हातात घ्यायचं नाही, "तूच काढून आण गं पोरी" म्हणाले तरी नाही. माया बसली की म्हातारी माणसं पिनसुद्धा सांगून टाकतात, आणि पुढे घरात काही झालं तर पहिलं बोट बँकेतल्या पोरीकडे जातं. बोलताना असं वाटलं की खरंच बघणारं कुणी नाही, जेवणाखाण्याचे हाल आहेत, घरचे त्रास देतायत, तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, त्यांना ती सांग, गरज वाटली तर त्यांच्यासमोरच लावून दे. बहुतेक तालुक्याच्या गावात ज्येष्ठ नागरिक संघ असतो, पेन्शनरांची संघटना असते, तिथला कुणी ना कुणी तुमच्या शाखेत येतच असेल. सगळं तुझ्या एकटीच्या खांद्यावर घ्यायचं कारण नाही.

आणि कदाचित ते येणारही नाहीत. ८४ वय आहे, मुलगा घेऊन जाईल आपल्याकडे, किंवा काहीही. हे मी तुला आधीच सांगून ठेवते कारण तू अशी मुलगी आहेस की प्रत्येक महिन्याच्या पाच तारखेपर्यंत दाराकडे बघत राहशील. नाही आले तर तुमचं बोलणं अर्धवट राहिलं असं समजू नकोस. त्यांना जे विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं.

त्याचं उत्तर मात्र तू टाळतेयस. घरी गेल्यावर तुझं कोण ऐकतं? मला एवढं का लागलं असं तू मला विचारतेस, तर म्हणून लागलं गं, दुसरं काही नाही. घरापासून इतक्या लांब, बोलीसुद्धा वेगळी, दिवसभर सर्व्हर डाउन आहे, केवायसी राहिलंय, ह्यावर सही जुळत नाही हे ऐकवायचं आणि वर विम्याचं टार्गेट, खोलीवर गेलं की आईला फोनवर "हो जेवले, ठीक आहे" एवढंच सांगायचं, कारण तिला काळजी नको. अशी किती मुलं-मुली आज गावोगावच्या शाखांमध्ये बसलीत, परीक्षा पास झाल्याचे पेढे वाटले गेले आणि त्यानंतर तुला जमतंय का असं कुणी विचारलंच नाही. एका अनोळखी माणसाने विचारलं आणि बांध फुटला. ह्यात लाजण्यासारखं काही नाही. आज आईला फोन करशील तेव्हा ठीक आहे म्हणू नकोस, हे आजोबांचं सगळं सांग, रडू आलं तर रड. आईला काळजी वाटेल, वाटू दे, आईच आहे ती. आणि गावात तुझ्या वयाचं कुणी शोध, शिक्षिका, नर्स, तलाठी, बाहेरून आलेली अशी खूप असतात, एकत्र डबा खाणारं एक माणूस जरी मिळालं तरी फरक पडतो.

दादावर रागावू नकोस. तो तुझ्याआधीपासून तिथे बसलाय, त्यालाही कुणी हा प्रश्न विचारला नसेल. पण त्याचं एक बरोबर आहे, अशी रोज पन्नास येतात. म्हणून रडणं सोड आणि त्या पन्नासांचं बघ. नोव्हेंबर संपायला अजून वेळ आहे. साहेबांकडे जाऊन सांग की पेन्शनरांसाठी दुपारची ठरावीक वेळ ठेवू या, चार खुर्च्या काउंटरच्या ह्या बाजूला आणू या, बोट उमटत नसेल तर दहा वेळा दाबायला लावण्यापेक्षा सरळ चेहऱ्यावरून करू या, २०२१ पासून सोय आहे आणि तरी अजून किती शाखांमध्ये म्हातारी माणसं बोटं चोळत उभी असतात. वयाने बोटावरच्या रेषाच झिजतात, कातडी कोरडी पडते, त्यात त्यांचा काही दोष नाही, हे बाकीच्या स्टाफलापण सांग म्हणजे कुणी "नीट दाबा की" म्हणून खेकसणार नाही. आणि एक मोठ्या अक्षरातला कागद दाराशी लाव, की ज्यांचं वय ८० च्या पुढे आहे त्यांनी पुढच्या वर्षी १ ऑक्टोबरपासूनच आलं तरी चालतं, केंद्र सरकारच्या पेन्शनरांना ही सवलत आहे, बहुतेकांना माहितीच नसते आणि ८५ वर्षांची माणसं नोव्हेंबरच्या गर्दीत येऊन उभी राहतात. साहेब पहिल्यांदा नाही म्हणतील, स्टाफ कमी आहे म्हणतील, तेही खरं असेल. तेव्हा निदान खुर्च्यांचं तरी मान्य करून घे. उद्या दहाला शटर उघडायच्या आधी बोल, नंतर त्यांनाही वेळ नसतो आणि तुलाही.